ढगांना कट-ऑफ कुठला लावायचा?

२६ जुलै २००५ च्या पावसाचे दोन आकडे मुंबईत आजही अनेकांना तोंडपाठ आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत ७३ मिलिमीटर. उपनगरात लोक छातीएवढ्या पाण्यातून घरी चालत जात होते, तेव्हा दक्षिण मुंबईत ऑफिसं नेहमीसारखी सुरू होती.

हवामान खात्याची वर्गवारी ठरलेली आहे. चोवीस तासांतला पाऊस ६४.५ मिलिमीटरला पोचला की तो मुसळधार, ११५.५ च्या पुढे अतिमुसळधार आणि २०४.४ च्या पुढे त्याहून वरची, शेवटची पायरी. या हिशेबाने कुलाब्याचा पाऊसही 'मुसळधार'च ठरतो. सांताक्रूझला २०५ मिलिमीटर झाला असता तरी तो शेवटच्याच पायरीवर गेला असता. ९४४ झाला तरी पायरी तीच. कामकाजासाठी अशी वर्गवारी लागते. पण विहार, पवई, अंधेरी या पट्ट्यावर एक अरुंद, उंच ढगांचा समूह तासन्‌तास ठाण मांडून बसला होता, ही खरी गोष्ट त्या पायऱ्यांत कुठेच उमटत नाही. ती गोष्ट आकाराची आहे. आणि आकार मोजायचा कसा, हा गणिताचा प्रश्न आहे.

त्या दिवशी मुंबईत डॉपलर रडार नव्हते. नंतर कुलाब्याला ते बसले. जानेवारी २०२२ मध्ये अंधेरीजवळ वेरावलीच्या टेकडीवर दुसरे सुरू झाले. महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली. ती दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतात. जून २०२० मध्ये पुराची पूर्वसूचना देणारी 'आयफ्लोज-मुंबई' ही यंत्रणा आली. वर इन्सॅट मालिकेतले उपग्रह दर अर्ध्या तासाला ढगांचे चित्र पाठवत असतात. थोडक्यात, माहितीचा दुष्काळ संपला. आता आपल्यापुढे येते ती सतत बदलणारी चित्रे आणि सतत वाहणारे आकडे. त्यांना पहिला प्रश्न कोणता विचारायचा, यावर गेल्या पंचवीस वर्षांत गणिताची एक शाखा उभी राहिली आहे. तिला टोपॉलॉजिकल डेटा अ‍ॅनालिसिस म्हणतात.

एका चित्रात ढग किती?

प्रश्न पोरकट वाटतो, पण रडारसमोर बसलेल्या माणसाला तो रोज पडतो. रडारच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. रडारने सोडलेल्या लहरी पावसाच्या थेंबांवर आपटून किती जोराने परत आल्या, ते तो सांगतो. त्याचे एकक डीबीझेड. साधारण २० म्हणजे रिमझिम, ४० म्हणजे चांगला जोर, ५० च्या पुढे गेला तर कोसळणेच.

ढग वेगळे काढायचे तर नेहमीची पद्धत म्हणजे कट-ऑफ लावणे. ३५ च्या वरचे ठिपके ठेवा, बाकीचे पुसा, उरतील ते तुकडे म्हणजे वादळी ढग. १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली 'टायटन' ही प्रणाली याच तत्त्वावर चालते आणि जगभर वापरली जाते. अडचण अशी की कट-ऑफ ३५ वरून ३० वर आणला की दोन ढगांचा एक होतो आणि ४० वर नेला की त्याच एकाचे तीन होतात. मग खरे उत्तर कोणते? कॉलेजच्या प्रवेशाचा कट-ऑफ निदान जागांच्या संख्येवरून ठरतो. ढगांचा कट-ऑफ बहुतेक वेळा तज्ज्ञाच्या अनुभवावरून ठरतो. अनुभव कोलोरॅडोच्या मैदानातला असेल, तर तो सह्याद्रीच्या पायथ्याशी चालेलच असे नाही.

या अडचणीवर टोपॉलॉजीने काढलेली तोड मोठी सरळ आहे. एक कट-ऑफ निवडू नका, सगळे लावा. आणि कुठला तुकडा किती कट-ऑफ पार करून टिकतो, त्याची नोंद ठेवा.

तुकडे आणि वलये

टोपॉलॉजी म्हणजे अंतर, कोन, क्षेत्रफळ बाजूला ठेवून फक्त जोडणीकडे पाहणारी भूमिती. ऑयलरने १७३६ मध्ये कोनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडवले तेव्हा तिचे बीज पडले. प्वांकारेने १८९५ मध्ये तिला रीतसर रूप दिले. तिच्या मोजमापांना इटालियन गणिती एन्रिको बेट्टी याच्या नावावरून बेट्टी संख्या म्हणतात. पहिली संख्या सांगते आकृतीचे सुटे तुकडे किती. दुसरी सांगते वलये किती, म्हणजे मध्ये पोकळी सोडून स्वतःशीच परत येणारे मार्ग किती.

हे कागदावर क्लिष्ट वाटत असेल तर पश्चिम उपनगरांचा मेट्रोचा नकाशा घ्यावा. फक्त मेट्रोच मोजू. लोकल आणि मोनोरेल बाजूला ठेवू. जून २०१४ मध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही पहिली मार्गिका सुरू झाली. तुकडा एक, वलय शून्य. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, डहाणूकरवाडीपासून दहिसरमार्गे आरेपर्यंत २-अ आणि ७ या मार्गिकांचा पहिला टप्पा धावू लागला. तो पहिल्या मार्गिकेला कुठेच मिळत नव्हता, म्हणून तुकडे दोन झाले, वलय अजून शून्यच. जानेवारी २०२३ मध्ये उरलेला टप्पा उघडला. पश्चिमेकडचे टोक डी. एन. नगरला पहिल्या मार्गिकेशी भिडले आणि पूर्वेकडचे टोक गुंदवलीला त्याच पहिल्या मार्गिकेच्या द्रुतगती महामार्ग स्थानकाशी.

इथे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. दोन्ही सांधे सारखेच दिसतात, पण त्यांनी केलेली कामे वेगळी आहेत. आधी डी. एन. नगरचा सांधा जुळला असे धरू. त्याने दोन सुटे तुकडे एक केले. मग गुंदवलीचा जुळला, तेव्हा जोडायला सुटे असे काही उरलेच नव्हते. त्यामुळे त्याने एक वलय पूर्ण केले. आता दहिसरहून निघून लिंक रोडने अंधेरीला उतरता येते आणि महामार्गाच्या बाजूने परत दहिसरला येता येते. क्रम उलटा धरला तर सांध्यांची कामे बदलतात, पण शेवटचा हिशेब तोच. जाळ्यात पडणारा प्रत्येक नवा दुवा दोनपैकी एकच काम करतो. एक तर तो दोन तुकडे जोडतो, नाही तर एक वलय जन्माला घालतो. संगणक लाखो ठिपक्यांमधून तुकडे आणि वलये मोजतो, त्यामागे हाच हिशेब आहे.

पोकळीचे उदाहरणही दूर नाही. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. उपनगरांतल्या प्रत्येक इमारतीचा नकाशावर एक ठिपका काढला आणि प्रत्येक ठिपक्याभोवती एक वर्तुळ हळूहळू वाढवत नेले, तर आधी सोसायट्या एकमेकींना चिकटतील, मग वॉर्ड, मग रेल्वेलगतचे पट्टे. मैदाने, तलाव, विमानतळ यांच्या जागी लहानमोठ्या पोकळ्या उमटतील आणि वर्तुळे वाढली की बुजतील. उद्यानाची पोकळी मात्र बराच वेळ बुजणार नाही. वर्तुळे काही किलोमीटरची होईपर्यंत ती टिकेल. बोरिवलीहून मुलुंडला जायचे तर एक तर घोडबंदर रोडने वरून, नाही तर जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडने खालून वळसा का घ्यावा लागतो, त्याचे हे गणिती रूप आहे. गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे पूर्ण झाले की या मोठ्या वलयात एक नवा दुवा पडेल आणि रस्त्यांच्या जाळ्यात एकाची दोन वलये होतील.

वर्तुळाची त्रिज्या किती घ्यावी, हे इथे आपण ठरवलेच नाही. शून्यापासून वाढवत नेली आणि काय जन्मले, काय बुजले याची यादी केली. जन्म आणि शेवट यांच्यातले अंतर म्हणजे त्या पोकळीचा टिकाऊपणा. या पद्धतीला पर्सिस्टंट होमॉलॉजी म्हणतात. हर्बर्ट एडेल्सब्रुनर, डेव्हिड लेचर आणि अफ्रा झोमोरोडियन यांनी २००० च्या सुमारास ती संगणकाला जमेल अशा रीतीने मांडली.

पाणी उतरताना दिसणारी बेटे

रडारचे चित्र म्हणजे ठिपक्यांचा विखुरलेला संच नसतो. तिथे प्रत्येक जागी आकडा असतो. त्यामुळे तिथे त्रिज्येऐवजी कट-ऑफच सरकवतात. मुंबई मुळात बेटांची, त्यामुळे हे समजायला बेटांचेच चित्र सोपे जाईल. डीबीझेडचा आकडा म्हणजे उंची धरा. चित्रातला जोरदार पाऊस म्हणजे डोंगर, रिमझिम म्हणजे पठार. हा सगळा प्रदेश आधी पाण्याखाली आहे आणि पाण्याची पातळी वरून हळूहळू उतरते आहे.

समजा, चित्रात तीन शिखरे आहेत: अंधेरीवर ५२ डीबीझेडचे, पवईवर ४४ चे आणि मुलुंडवर ४७ चे. पाणी ५२ ला आले की अंधेरीचे बेट डोके वर काढते. ४७ ला मुलुंडचे, ४४ ला पवईचे. पातळी ४२ ला आली की पवई आणि अंधेरी यांच्यामधली खिंड उघडी पडते आणि ती दोन बेटे एक होतात. नियम असा की थोरले टिकते, धाकटे त्यात मिसळते. म्हणजे पवईचे बेट ४४ ला जन्मले आणि ४२ ला संपले, आयुष्य २. मुलुंडची खिंड मात्र ३० ला उघडते. मुलुंडचे बेट ४७ ला जन्मले, ३० ला मिसळले, आयुष्य १७. अंधेरीचे शेवटपर्यंत राहते.

चित्रात ढग किती, याचे उत्तर आता कट-ऑफवर अवलंबून राहत नाही. अंधेरी आणि मुलुंड ही दोन खरी केंद्रे आहेत. पवईचे शिखर हा अंधेरीच्याच ढगाचा एक उंचवटा. ३५ चा कट-ऑफ लावला असता तरी इथे दोन तुकडे दिसले असते, पण ४३ चा लावला असता तर तीन दिसले असते आणि २५ चा लावला असता तर एकच. पर्सिस्टन्सच्या यादीत ही तिन्ही उत्तरे आहेत, शिवाय त्यांतले किती ठाम आणि किती तकलादू हेही आहे.

ही यादी आलेखावर मांडतात. आडव्या अक्षावर जन्म, उभ्या अक्षावर शेवट. प्रत्येक बेट म्हणजे एक ठिपका. अल्पायुषी बेटांचे ठिपके कर्णरेषेला चिकटून राहतात, टिकाऊ बेटांचे लांब जातात. २००७ मध्ये कोहेन-स्टाइनर, एडेल्सब्रुनर आणि हेरर यांनी या आलेखाविषयी एक प्रमेय प्रसिद्ध केले आणि त्यानंतर या विषयाकडे वापराच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. मूळ चित्रातला प्रत्येक आकडा जास्तीत जास्त २ ने चुकलेला असेल, तर आलेखातला कोणताही ठिपका २ पेक्षा जास्त हलत नाही. रडारच्या आकड्यांत एकदोन डीबीझेडची चूक नेहमीचीच. वरच्या उदाहरणात पवईचे बेट अशा चुकीने गायब होऊ शकते, मुलुंडचे होऊ शकत नाही. कशावर विसंबावे आणि कशावर नाही, हे एवढ्या नेमकेपणाने सांगणारी साधने फार थोडी आहेत.

चित्रांची माळ

आतापर्यंत एकच चित्र घेतले. पाऊस मात्र दर काही मिनिटांनी नवे चित्र देतो आणि हवामानशास्त्रज्ञाला खरा रस ढग कुठे चालला यात असतो. या चित्रातले कुठले बेट पुढच्या चित्रातल्या कुठल्या बेटात गेले? दोन ढग एक झाले, की एक विरला आणि दुसरा नव्याने उभा राहिला?

यावर दोन मार्ग निघाले. चित्र थोडेथोडे बदलत असेल, तर स्थिरतेच्या त्या प्रमेयामुळे आलेखातले ठिपकेही थोडेथोडेच सरकतात. म्हणजे एकेका ठिपक्याचा प्रवास दोऱ्यासारखा काळातून काढत नेता येतो. ही कल्पनाही त्याच सुमारास मांडली गेली. चित्रे तुटक असतील, मध्ये तुकडे येत-जात असतील, तर २०१० मध्ये कार्लसन आणि डी सिल्वा यांनी आणलेली 'झिगझॅग' पद्धत लागते. ती पुढेही पाहते आणि मागेही.

आणि इथे आपण परत २००५ च्या जुलैला येतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय नटराजन हे संगणकशास्त्रज्ञ. ड्यूक विद्यापीठात एडेल्सब्रुनर यांच्याच हाताखाली त्यांनी पीएचडी केली. रवी नंजुंडैया हे त्याच संस्थेतले हवामानशास्त्रज्ञ. पुढे ते पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले. या दोघांनी हरीश दोरायस्वामी यांच्यासोबत २०१३ मध्ये ढगसमूह ओळखून त्यांचा माग काढण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. चित्रातली बेटे ओळखायला टोपॉलॉजी आणि ती एका चित्रातून दुसऱ्या चित्रात कुठे सरकली ते पाहायला संगणकीय दृष्टीची तंत्रे, असा तिचा घाट. पद्धत पारखण्यासाठी त्यांनी घेतलेल्या प्रसंगांत एक होता जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस, आणि दुसरा मे २००९ मध्ये बंगालच्या उपसागरात आलेले 'आयला' चक्रीवादळ.

त्यांच्यासमोरचा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. विषुववृत्ताजवळ ढगांची एक अजस्र लाट असते, मॅडन–जुलियन दोलन नावाची. हजार ते दहा हजार किलोमीटर पसरलेली ही लाट पूर्वेकडे सरकते आणि तिचे एक आवर्तन साधारण चाळीस दिवसांचे. आपल्या मान्सूनचा जोर कमीजास्त होण्यात तिचा हात असतो. पण तिच्या पोटात लहान ढगसमूह असतात, आणि ते कधी कधी वेगळ्याच वेगाने, चक्क उलट दिशेला, पश्चिमेकडे जातात. मोठा कट-ऑफ लावला तर नुसते लहान समूह दिसतात, छोटा लावला तर नुसती लाट. लाट पूर्वेकडे आणि तिच्यातले ढग पश्चिमेकडे, हे एकाच वेळी पाहायचे तर सगळ्या पातळ्या एकत्र हाताळणारे साधन हवे. पूर्वी हे काम आपल्याला काय शोधायचे आहे ते आधीच ठाऊक असलेल्या जाणकाराने निवडक चित्रे काढून करायचे असे. या पद्धतीत ढगसमूह म्हणजे काय हे वापरणाऱ्याच्या पूर्वानुभवावर सोडलेले नाही, हा तिच्या कर्त्यांचा दावा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

भरतीचे वलय

२६ जुलैला दुपारी चारच्या सुमारास मुंबईत ४.४८ मीटरची भरती होती. मिठी नदी विहार-पवईकडून निघून माहीमच्या खाडीत उतरते. खाडीच भरलेली असेल तर वरचे पाणी जाणार कुठे? म्हणजे मुंबईच्या पुरात पावसाच्या चित्रमालिकेच्या जोडीला समुद्राच्या पातळीची आकडेमालाही येते. आकड्यांच्या रांगेला मात्र आकार कसा असेल? रांग ती रांगच.

त्यावरची युक्ती अशी. रांगेतला एकच आकडा न घेता आताचा आणि काही वेळानंतरचा असे दोन आकडे एकत्र घ्यायचे आणि त्यांचा मिळून एक ठिपका काढायचा. भरती-ओहोटीचे चक्र सुमारे बारा तासांचे, म्हणून तीन तासांचे अंतर घेऊ. पूर्ण भरतीच्या वेळी: आता सर्वांत वर, तीन तासांनी मध्यावर. त्यानंतर तीन तासांनी: आता मध्यावर, पुढे तळाला. मग आता तळाला, पुढे मध्यावर. मग आता मध्यावर, पुढे वर. आणि परत पहिल्या जागी. कागदावर हे ठिपके मांडले की वर्तुळ तयार होते. चक्र असलेली आकडेमाला वलय होऊन दिसते. डच गणिती फ्लोरिस टाकेन्स यांनी १९८१ मध्ये या युक्तीमागचे प्रमेय सिद्ध केले. होसे पेरेआ आणि जॉन हेरर यांनी २०१५ मध्ये तिला पर्सिस्टन्सची जोड दिली. वलय जितके टिकाऊ, तितके चक्र पक्के.

दोनच आकडे नव्हे, तर अख्खी वक्ररेषाच एका मोठ्या अवकाशातला एकच बिंदू मानायची, हा विचार मराठी वाचकाला परक्या माणसाकडून घ्यायची गरज नाही. १९४३ मध्ये दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते, तेव्हा त्यांनी 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस' नावाचा निबंध प्रसिद्ध केला. बदलत्या वक्ररेषांचे मूळ घटकांत पृथक्करण करण्याची जी रीत पुढे कारुनेन आणि लोएव्ह या नावांनी जगभर रूढ झाली, तिची मांडणी त्यात आधीच होती. इतिहासकार म्हणून आपण ओळखतो ते हेच कोसंबी. त्यांची रीत रेषा किती आणि कुठल्या दिशेला पसरल्या हे सांगते. त्या पसाऱ्यात पोकळी आहे का, हा टोपॉलॉजीचा प्रश्न. दोन्ही एकमेकींना पूरक आहेत.

समुद्र आणखी एक गंमत दाखवतो. भरतीवर दोन घड्याळे चालतात, सूर्याचे बारा तासांचे आणि चंद्राचे बारा तास पंचवीस मिनिटांचे. दोन्ही जुळली की अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, फाकली की अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती. कोकण किनाऱ्यावर तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते आणि पाऊण तास त्याच्या जवळपास, म्हणून तो हिशेब चालतो. आता आपल्या आलेखात उधाणाच्या दिवसांचे वर्तुळ मोठे येते, भांगाच्या दिवसांचे लहान. पंधरवडाभर आकडे घेतले की वर्तुळांचा एक रुंद पट्टा तयार होतो. मधली पोकळी मात्र राहते, कारण भांगालाही समुद्र थांबत नाही. दोनाऐवजी बरेच आकडे घेतले आणि ते काही दिवसांवर पसरलेले ठेवले, तर ही वर्तुळे एकमेकांपासून सुटी होतात आणि सायकलच्या ट्यूबसारखा पृष्ठभाग तयार होतो. त्यावर दोन वेगवेगळी वलये असतात: एक ट्यूबभोवती फिरणारे, एक तिच्या लांबीने. दोन घड्याळे, दोन वलये. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद आहे. एवढी जुनी आकडेमाला हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर क्वचितच सापडेल.

भरतीसाठी हे साधन लागते असे नाही. तिचे तक्ते शंभर वर्षांहून जास्त काळ लहरींच्या बेरजेवरून बनतात आणि अचूक असतात. उपयोग होतो तो चक्र आहे, पण त्याची चाल साध्या लहरीसारखी नाही, अशा ठिकाणी. क्रिस्टोफर ट्रॅली आणि पेरेआ यांनी २०१८ मध्ये हीच युक्ती आकड्यांऐवजी व्हिडिओच्या चित्रांवर वापरली. घशातल्या स्वररज्जूंच्या वेगवान चित्रणात कंप निरोगी असेल तर एक वलय मिळते. दोन न जुळणारे कंप एकाच वेळी चालू असतील तर ट्यूब मिळते. त्याच वर्षी गिडिया आणि कॅट्झ यांनी अमेरिकेतल्या चार शेअर निर्देशांकांवर हा प्रयोग केला. २००० आणि २००८ च्या पडझडीआधीच्या काळात त्यांच्या आलेखातली वलये ठळक होत गेलेली दिसली. म्हणून कुणी दलाल स्ट्रीटवर याच्या जोरावर पैसे लावू नयेत. झालेल्या पडझडीत खूण सापडणे वेगळे आणि होणारी आधी सांगणे वेगळे.

काय दिसत नाही

टोपॉलॉजी अंतर आणि जागा सोडून देते, हे तिचे बळ आहे आणि मर्यादाही. अंधेरी सबवेत पाणी भरणार का, हे विचारणाऱ्याला 'चित्रात दोन टिकाऊ केंद्रे आहेत' हे उत्तर कामाचे नाही. केंद्र दोन किलोमीटर पूर्वेला असते तर पाणी दुसऱ्या नाल्यात गेले असते. आलेखातला ठिपका मात्र जागचा हलला नसता. म्हणून प्रत्यक्ष कामात या यादीला नेहमी जागेचा नकाशा, वाऱ्याची दिशा आणि नाल्यांची उंची जोडावी लागते. बंगळूरच्या त्या अभ्यासातही टोपॉलॉजी एकटी नव्हतीच.

दुसरी अडचण हिशेबाच्या पसाऱ्याची. ठिपक्यांच्या संचावर काम करताना कुठले तीन ठिपके एकत्र आले तेही पाहावे लागते. नुसते १,००० ठिपके घेतले तरी असे त्रिकोण १६ कोटी ६१ लाख ६७ हजार होतात. यावर चलाख उपाय निघाले आहेत. 'रिप्सर' आणि 'गुढी' ही मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवरही मोठी गणिते उरकतात. रडारच्या चित्रांचे ओझे तर त्याहून कमी, कारण तिथे चौकोनांची जाळी आधीच आखलेली असते.

तिसरी गोष्ट तज्ज्ञही कधी कधी विसरतात. अल्पायुषी ठिपका म्हणजे नेहमीच कचरा नसतो. पवईचे २ आयुष्याचे ते शिखर एका चित्रात दुर्लक्ष करण्याजोगे आहे. तेच शिखर लागोपाठ सहा चित्रांत त्याच जागी, २ चे ४, ४ चे ७ असे वाढत गेले, तर एक नवे केंद्र उभे राहते आहे. चित्रांची माळ एकसंध पाहणे महत्त्वाचे ठरते ते यासाठी.

मग कट-ऑफचे काय? तो जाणार नाही आणि जाऊही नये. पिवळा, केशरी, लाल इशारा कधी द्यायचा, शाळा कधी सोडायच्या, नाल्यांच्या मुखाशी असलेले दरवाजे कधी लावायचे, यासाठी कुठे तरी रेघ ओढावीच लागते. हवामान खात्याला आणि महापालिकेला 'सगळे कट-ऑफ एकदम' असे म्हणून चालत नाही. फरक आहे तो रेघ कधी ओढायची यात. आतापर्यंत आपण ती आधी ओढत होतो आणि मग रेघेच्या वर उरले तेवढेच पाहत होतो. पर्सिस्टन्स आधी सगळे पाहून घेतो, काय ठाम आणि काय तकलादू ते मांडतो आणि निर्णयाची रेघ शेवटी ओढायला मोकळीक देतो. रेघ कुठेही ओढली तरी तिच्या जवळ कुठले ढग येतात आणि थोडी हलवली तर काय बदलेल, हे तेव्हा समोर असते.

आज मुंबईकडे डॉपलर रडार आहेत, पंधरा मिनिटांची पर्जन्यमापके आहेत आणि भरतीची जवळजवळ दीडशे वर्षांची नोंद आहे. तिन्ही वेगवेगळ्या खात्यांकडे, वेगवेगळ्या रूपांत. त्यांना एकत्र बसवून एका पावसाळ्याची माळ नीट ओवली, तर २००५ सारख्या ठाण मांडणाऱ्या ढगाची ओळख तो बसायच्या आत पटते का, हे तपासता येईल. पवईच्या आयआयटीतला किंवा अंधेरी-घाटकोपरच्या एखाद्या कॉलेजातला विद्यार्थी हा प्रकल्प हाती घेऊ शकतो. सॉफ्टवेअर फुकट आहे, गणित पदव्युत्तर अभ्यासाच्या आवाक्यातले आहे. अडते ते आकडे मागितल्यावर मिळण्यापाशी.